दोन दिवसांचे गोकुळ

श्रावण वद्य अष्टमीचा उपवास आणि नवमीचा काला यांच्यामध्ये जेमतेम दीड दिवसाचा अवकाश असतो. पंचांगात त्याची नोंद दोन ओळींत आटोपते. परंतु त्या दीड दिवसात कोकणपट्टीतल्या अनेक घरांत, देवळांच्या ओसऱ्यांवर आणि सभामंडपांत जे घडते, ते पाहण्यासारखे असते. चार गडी एकत्र जमतात. हाताला जे लागेल त्यातून काहीतरी घडवितात, सोंगे आणतात, गातात, मनसोक्त भांडतात, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी घडविलेले सारे पाण्यात सोडून, काला खाऊन आपापल्या घरी जातात. मागे काही उरत नाही. म्हणूनच की काय, विद्वान मंडळी याला कला म्हणावयास तयार नसतात आणि धार्मिक मंडळी याला उपासना म्हणावयास बिचकतात. पोरखेळ म्हणून दोघेही मोकळे होतात.

पोरखेळ हा शब्द आम्हांस मान्य आहे. श्रीमद्भागवताचा दशमस्कंध ज्याने एकवार मन लावून वाचला आहे, त्याला या शब्दात कमीपणा मुळीच वाटणार नाही.

प्रथम मातीचे पाहू. विदर्भात या दिवशी कान्होबाची मातीची मूर्ती बसते. आमच्याकडे पाटावर सबंध गोकुळ मांडतात. श्रावणात शेताच्या बांधावरची माती लोण्यासारखी मऊ झालेली असते. अष्टमीच्या सकाळी पोरे ती टोपल्यांतून आणतात, खडे वेचतात, पाण्याचा हबका मारून तुडवितात. साचा नाही, नमुना समोर नाही. देवकी आणि तिच्या कुशीतला कृष्ण एवढे ठरलेले. बाकीचे गोकुळ ज्याच्या त्याच्या बोटांत असेल तसे उतरते. डोळ्यांना गुंजा, गाईच्या शिंगांना झाडूचे हीर, गवळणींच्या लुगड्यांना तेरड्याच्या पाकळ्या. फणसाचे पान वळवून काट्याने टाचले की कालियाची फणा तयार होते. नारळाची करवंटी पालथी घातली की गोवर्धन. आरशाचा फुटका तुकडा सापडला तर यमुना निघाली. न सापडला तर त्या वर्षी यमुनेला केळीच्या पानावर समाधान मानावे लागते.

एका वर्षी आमच्या देवळाच्या ओसरीवर एका मुलाने केलेल्या गाईची मान काही केल्या उभी राहीना. दोनदा काडी घालून पाहिली, दोनदा ती खाली कलली. मोठी माणसे ती मोडून नवी कर म्हणू लागली. मुलगा क्षणभर गप्प राहिला आणि मग त्याने ती गाय उचलून आरशाच्या तुकड्याच्या काठाशी नेऊन ठेवली. "ती पाणी पिते आहे," तो म्हणाला. त्या पाटावर तिच्याइतकी जिवंत गाय दुसरी नव्हती. भट्टतौताने प्रतिभेचे लक्षण सांगताना नित्य नव्या उन्मेषावर भर दिला आहे. ते लक्षण आम्ही विद्यार्थ्यांना अनेक वर्षे शिकवीत आलो. त्या दिवसापासून त्याबरोबर या गाईचे उदाहरण देतो.

पाटावर आणखी एक पाहुणा असतो, तो म्हणजे लंगडा पेंद्या. वाचकांपैकी पुष्कळांना आश्चर्य वाटेल, परंतु संस्कृत भागवतात पेंद्या नाही. तेथे श्रीदामा आहे, सुबल आहे, स्तोककृष्ण आहे. पेंद्या कोठेच नाही. तो मराठी माणसाने कृष्णाला दिलेला सवंगडी. सगळे गडी धावतात, मग मागे राहणारा कोणीतरी हवाच, असे आमच्या संतांना आणि कीर्तनकारांना वाटले आणि त्यांनी तो निर्माण केला. व्यासांची परवानगी कोणी विचारली नाही. आज काल्याच्या कीर्तनात पेंद्या आला नाही तर श्रोते उठून विचारतील.

आता दशमस्कंधाकडे वळू. बाराव्या अध्यायात सकाळच्या वेळी गोपबालक वासरे घेऊन रानात निघतात. घरून त्यांच्या अंगावर मणी, गुंजा, सोने घातलेले आहेच. तरीही रानात पोहोचताच ती मुले फळे, कोवळी पालवी, फुलांचे गुच्छ, मोरपिसे आणि रंगीत माती घेऊन स्वतःला पुन्हा नव्याने सजवितात. घरचे दागिने अंगावर असताना! आईने घातलेला दागिना निराळा आणि सवंगड्यांच्या संगतीत स्वतः शोधलेला निराळा, हे व्यासांना नेमके ठाऊक होते. पुढे ती मुले एकमेकांची शिदोरीची शिंकी पळवितात. धनी पाहू लागला की तिसऱ्याकडे फेकतात आणि शेवटी हसत परत देतात. कोणी भुंग्यासारखा गुणगुणतो, कोणी कोकिळेसारखा कूजन करतो. कोणी उडत्या पाखराच्या सावलीबरोबर धावतो, कोणी बगळ्याशेजारी बगळ्यासारखा ध्यान लावून बसतो, कोणी मोराबरोबर नाचतो, कोणी माकडांना वेडावून दाखवितो, कोणी बेडकांबरोबर उड्या मारतो. यांतल्या एकाही खेळाला नियम नाही, गुण नाहीत, जय-पराजय नाही. आणि व्यास तेथे मुद्दाम सांगतात, की योग्यांना जन्मोजन्मींच्या कष्टांनी ज्याची पायधूळ दुर्लभ, तोच या मुलांच्या डोळ्यांसमोर उभा होता.

तेराव्या अध्यायातले यमुनेकाठचे वनभोजन तर काल्याचे मूळच. मुलांनी ताटे कशाची केली? कोणी फुलांची, कोणी पानांची, कोणी सालीची, कोणी दगडाची, कोणी आपल्या शिंक्याचीच. मध्यभागी कृष्ण बसला आहे: कमरेच्या वस्त्रात बासरी खोवलेली, काखेत शिंग आणि वेताची काठी, डाव्या हातात दहीभाताचा घास आणि बोटांच्या बेचक्यांत तोंडीलावण्याची फळे. डाव्या हातात घास! सोवळ्याचा एवढा मोठा ग्रंथसंभार असलेल्या आपल्या देशात यज्ञाचा भोक्ता रानात डाव्या हातात घास धरून मित्रांना हसवीत बसतो, आणि स्वर्गातून देव ते टक लावून पाहतात.

याच वेळी ब्रह्मदेव येतो आणि वासरे व मुले दोन्ही लपवून ठेवतो. तेव्हा कृष्ण काय करतो? तो स्वतःच सर्व मुले होतो, सर्व वासरे होतो. एवढेच नव्हे, तर त्यांच्या काठ्या, शिंगे, बासऱ्या आणि शिंकीसुद्धा होतो. संध्याकाळी प्रत्येक घरी आपापला मुलगा परततो आणि आयांना त्या दिवसापासून त्याच्याविषयी पूर्वीपेक्षा अधिक ममता वाटू लागते. हे सोंग सुमारे वर्षभर चालते. सृष्टी रचण्याचा अधिकार ज्याच्याकडे आहे, तो ब्रह्मदेव शेवटी खेळणाऱ्या मुलापुढे हात जोडतो. ब्रह्मसूत्रांत सृष्टीचे प्रयोजन सांगताना लीला हा शब्द येतो, त्याचा अर्थ आम्हांला भाष्यांपेक्षा या अध्यायात अधिक लवकर समजला.

नाट्याची उत्पत्तीही अशीच आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात पहिल्याच अध्यायात इंद्रादी देव ब्रह्मदेवाकडे काय मागतात? क्रीडनीयक, म्हणजे खेळणे. जे पाहताही येईल आणि ऐकताही येईल असे. पहिला प्रयोग इंद्रध्वजाच्या उत्सवात उघड्यावर झाला. विघ्नांनी नटांची वाणी आणि स्मृती गोठविली, मग विश्वकर्म्याने नाट्यगृह बांधले. म्हणजे आधी खेळणे, मग उत्सव, इमारत शेवटी. हल्ली हा क्रम उलटा झाला आहे, असो.

आमच्या देवळात अष्टमीच्या मध्यरात्री जन्माचे कीर्तन होते. पाळणा म्हटला जातो, सुंठवडा वाटला जातो, बायामाणसे लेकरांना घेऊन घरी जातात. त्यानंतर सभामंडपात उरतात ते गडी. एके काळी ते अकरा होते: एक शिंपी, एक पोस्टमन, शाळेचे दोन मास्तर, एक मिठाईवाला, पुजाऱ्यांचा भाचा, आणखी असेच. संहिता नाही. तालीम करायची नाही, हा एकच कडक नियम. सुंठवडा खाता खाता आख्यान ठरते, कोणी काय व्हायचे ते ठरते, आणि घरून आणलेली लुगडी, शालू, उपरणी यांतून राजे, राण्या, राक्षस उभे राहतात. बोलायचे ते समोरच्याचे ऐकून बोलायचे. ज्यांनी दक्षिण कोकणातला दशावतार पाहिला आहे त्यांना ही रीत नवी नाही. कार्तिकापासून जत्रांत रंगणाऱ्या त्या खेळातही लिहिलेले संवाद नसतात. आख्यान सांगितले जाते आणि मृदंग, झांज, पायपेटीच्या साथीने नट रात्रभर स्वतःचे शब्द स्वतः बोलतात. त्या खेळालाच तिकडे दहीकाला म्हणतात आणि पहाटे खरोखरच हंडी फुटते. फरक इतकाच, की दशावतारी हे त्या विद्येत मुरलेले कलावंत आणि आमचे गडी केवळ गडी.

केवळ गडी असण्याचेही एक सामर्थ्य असते. आम्ही स्वतः कीर्तनाला उभे राहतो तेव्हा उत्तररंगात ऐन वेळी सुचलेले एखादे वाक्य श्रोत्यांना भावते. पण आमच्या पाठीशी पाठांतर असते, पेटी-तबल्याचे साथीदार असतात, गळ्यातली माळ असते. पोस्टमन नारद होतो तेव्हा त्याच्यापाशी काहीच नसते. तो खांद्यावरची टपालाची पिशवी वीणा म्हणून धरतो आणि कंसाला म्हणतो, "महाराज, तुमच्या नावचे पत्र आहे, आठवा येतो आहे." मंडपात हशा पिकतो, आणि त्या हशाखालून आकाशवाणीचे भयही जाते. हे वाक्य कोणी लिहून ठेवले नव्हते. पुढच्या वर्षी तेच वाक्य पुन्हा म्हण म्हणून आम्ही आग्रह केला, तर तो म्हणाला, "ते पत्र पोचले, बुवा. आता दुसरे."

कंस शिंपी होत असे. तीस वर्षे दुसऱ्या कोणी कंस व्हावे असे कोणाच्या मनातही आले नाही. काजळाच्या मिशा, बायकोचा शालू झूल म्हणून पाठीवर, आणि आवाज असा की मंडपातल्या चिमण्या उडाव्यात. मरताना तो दरवर्षी निराळा मरत असे, आणि मेल्यावर उठून सर्वांना बिडी वाटत असे. दोन वर्षांपूर्वी ज्येष्ठात तो गेला. अष्टमी आली. सुंठवडा वाटून झाला. आख्यान कंसवधाचेच घ्यायचे हे आपोआप ठरले आणि कंस कोण, या प्रश्नावर सारे थांबले. कोणी पुढे होईना. तेव्हा पुजाऱ्यांच्या भाच्याने देवळातली लाकडी खुर्ची मध्ये आणून ठेवली आणि शिंप्याच्या मुलाने खिशातून वडिलांची मापाची फीत काढून तिच्या पाठीवर टाकली. तोच कंस. अक्रूर रिकाम्या खुर्चीशी बोलला, नारद बोलला, चाणूराने तिला मुजरा केला. खुर्ची उत्तर देत नव्हती, म्हणून प्रत्येकाला तिचे उत्तर मनात ऐकून पुढचे बोलावे लागत होते. आणि ते सर्वांना ऐकू येत होते. शेवटी कृष्ण झालेला मास्तर खुर्चीपाशी गेला. त्याला ती पाडवेना. त्याने फीत उचलून स्वतःच्या गळ्यात घातली आणि खाली बसला. त्या रात्री वध झाला की नाही, हे आम्ही सांगू शकत नाही.

व्याकरणाच्या विद्यार्थ्याला येथे पतंजलीची आठवण झाल्याविना राहात नाही. महाभाष्यात, म्हणजे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातल्या ग्रंथात, एक शंका येते: कंस तर फार पूर्वी मारला गेला, मग तो मारला जात आहे असा वर्तमानकाळ कसा वापरावा? उत्तरात भाष्यकार खेळ करून दाखविणाऱ्यांचा, चित्रांचा आणि कथा सांगणाऱ्या ग्रंथिकांचा दाखला देतात. ग्रंथिक कथा सांगू लागले की ऐकणाऱ्यांत दोन पक्ष पडतात, काही कंसाचे, काही वासुदेवाचे. कोणाची तोंडे लाल होतात, कोणाची काळी. म्हणजे खेळ चालू असेतोवर कंस मेलेला नसतो. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचे हे व्याकरण त्या रिकाम्या खुर्चीला तंतोतंत लागू पडते.

आणि भागवताचा तिसावा अध्याय. रासाच्या मध्येच कृष्ण नाहीसा होतो. गोपी पिंपळाला विचारतात, वडाला विचारतात, तुळशीला विचारतात. कोणी सांगत नाही. तेव्हा त्या काय करतात? खेळू लागतात. एक पूतना होते, दुसरी तिचा स्तन पिणारा बाळ. एक शकट होते, दुसरी रडत रडत तिला लाथ मारते. एक उपरणे एका हाताने उंच धरते आणि म्हणते, पावसाला भिऊ नका, हा पाहा गोवर्धन उचलला. एक दुसरीच्या डोक्यावर पाय ठेवून कालियाला हाकलते. एकीला फुलांच्या माळेने उखळाला बांधतात आणि ती भ्यायल्यासारखे तोंड लपविते. कोणी शिकविले नाही, कोणी नेमून दिले नाही, पाहावयास कोणी प्रेक्षक नाही. जो हरवला त्याला परत आणण्याचे त्यांच्यापाशी दुसरे साधन नव्हते. या खेळानंतरच त्यांना त्याची पावले मातीत उमटलेली दिसतात. कीर्तनात हा भाग आम्ही पूर्वी शृंगार म्हणून भराभर सांगून पुढे जात असू. शिंपी गेल्यापासून आमचे तेथून पाऊल उचलत नाही.

अकरांपैकी आता पाच उरले आहेत. तरुण मंडळी मुंबई-पुण्यास नोकरीला. अष्टमी शनिवार-रविवारच्या आसपास आली तर रात्रीच्या गाडीने येतात, नाहीतर दूरध्वनीवरून पाळणा ऐकतात. यंदा एका सज्जन देणगीदाराने देवस्थानापुढे प्रस्ताव ठेवला आहे: शहरातल्या कारागिरांकडून हलत्या चित्रांचा देखावा आणावा, विजेवर यमुना वाहावी, कंसाचे भाषण ध्वनिमुद्रित असावे, गर्दी होईल, देवळाचे नाव होईल. हेतू चांगला आहे. बैठकीत दोन तास चर्चा झाली आणि निर्णय पुढे ढकलला गेला. दहीहंडीचे काय झाले ते सर्वांपुढे आहेच. गुरुपौर्णिमेपासून सराव, थरांची उंची, बक्षिसांच्या रकमा, न्यायालयाचे निकाल; २०२२ साली राज्य शासनाने तिला साहसी खेळाचा दर्जा दिला. त्या तरुणांच्या धैर्याला आमचा नमस्कार आहे. पण ती स्पर्धा झाली, आणि स्पर्धेत पेंद्याला जागा नसते.

देखाव्याविषयी आमचे मत आम्ही बैठकीत दिले ते येथेही देतो. देखावा खुशाल आणावा. मंडपाच्या बाहेर, रस्त्यालगत लावावा. आतली ओसरी आणि सुंठवड्यानंतरचा मंडप गड्यांना मोकळा सोडावा. पाच असोत की दोन. ध्वनिमुद्रित कंसाला पत्र देता येत नाही आणि त्याच्यासाठी कोणाला खुर्ची मांडावी लागत नाही. ज्या तरुणाला यायला एकच रात्र मिळते, त्याला पाहुण्यासारखे दोरीच्या पलीकडे उभे करून विजेची यमुना दाखवायची, की त्याच्या हातात आईचे लुगडे देऊन यशोदा हो म्हणायचे? तुकोबांनी टिपरी, फुगडी, चेंडूफळी, हमामा, विटीदांडू या खेळांवर अभंग रचले. नाथांनी विंचू, जोशी, गोंधळी, भूत यांना भारुडात बोलते केले. त्या महापुरुषांना ब्रह्म सांगण्यासाठी अंगणातला खेळ पुरला.

नवमीच्या सकाळी काला होतो. ज्यांना घरी करावयाचा असेल त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे, की तो एका घरच्या सामानाचा करू नये. लाह्या एकाने आणाव्या, पोहे दुसऱ्याने, दही तिसऱ्याने. काकडी, डाळिंबाचे दाणे, आले, मिरची, लोणच्याचा खार, ज्याच्या घरी जे असेल ते. प्रमाण विचारू नये. सर्व एका परातीत ओतून अनेक हातांनी कालवावे. आमच्याकडे पहिला घास सर्वांत लहान मुलाला देतात, दुसरा उशिरा आलेल्याला.

दुपारी मातीचे गोकुळ विहिरीवर किंवा ओढ्यावर नेतात. देवकी, नंद, गवळणी, मान कललेली गाय, सारे हलक्या हाताने पाण्यात सोडतात. पाणी थोडा वेळ गढूळ राहते. पाट धुऊन पुन्हा माळ्यावर जातो. गुंजा आणि हिरांची शिंगे पोरे आधीच काढून खिशात टाकतात. पुढच्या वर्षी ती कोणाच्याच खिशात सापडत नाहीत आणि नवी शोधावी लागतात.